करडाला दहापैकी किती?

सातवीच्या दोन तुकड्यांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाकडे एका निबंधामागे शंभरेक वह्या गोळा होतात. वहीमागे पाच मिनिटं धरली तरी सव्वाआठ तास झाले. तासिका पस्तीस मिनिटांची, म्हणजे चौदा तासिका नुसत्या वाचण्यात गेल्या. आठवड्यात मोकळ्या तासिका मिळतात चार-पाच आणि त्यातली एखादी रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी वर्गावर खर्ची पडते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण लिहिलेलं आहे, पण एका बाकावर तिघं बसलेल्या वर्गात ते आठवून उपयोग नसतो. म्हणून बहुतेक निबंधवह्यांत शेवटी लाल शाईत सही, तारीख आणि 'पाहिले' एवढंच सापडतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असे दोन शिक्षक एकाच अनुदानित शाळेत आहेत, ज्यांचं या बाबतीत एकमेकांशी अजिबात पटत नाही. बाई निवृत्तीला आलेल्या. सर नोकरीला लागून सहा-सात वर्षं झालेले. वयावरून जो अंदाज बांधाल तो इथे चुकेल: गुण, तक्ते, रकाने यांचा आग्रह सरांचा आहे, आणि 'गुण देऊच नका' म्हणणाऱ्या बाई. पहिलं सत्र संपताना, शिक्षकखोलीत वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून त्यांचं जे बोलणं झालं त्यातला बराचसा भाग खाली दिला आहे. मी मधे फारसं तोंड घातलं नाही. नावं दोघांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

सर: गुणांचं नंतर. आधी गठ्ठा कसा लावायचा ते बोलू. वह्या माझ्याकडे हजेरी क्रमांकाने येतात, पण मी त्या तशा तपासत नाही. आधी उलटसुलट करून घेतो. आपल्या हजेरीत आधी मुली, मग मुलं, आणि शेवटी दाखला उशिरा आणलेली. क्रमाने गेलं की त्या शेवटच्या आठ-दहांच्या वाट्याला दर वेळी माझे दमलेले डोळे येणार.

बाई: आणि एखादा फक्कड निबंध वाचून झाला की त्याच्या खालची वही उगीच मार खाते.

सर: तेच. म्हणून मी कव्हर मागे दुमडतो. नाव दिसत नाही.

बाई: अक्षर दिसतं ना? ऑगस्ट उजाडेपर्यंत अक्षरावरून पोर ओळखता येत नसेल तर तो मराठीचा शिक्षक कसला!

सर: ओळखतो की. पण हात जरा थबकतो, तेवढंही पुरतं. दुसरं म्हणजे, मी एका बैठकीत सगळ्या वह्यांचा फक्त आशय बघतो. शुद्धलेखन दुसऱ्या फेरीला. एकदम सगळं बघायला गेलं की डोळ्यांना पहिल्यांदा वेलांट्याच दिसतात.

बाई: मी तर वहीच बंद केली. सातवी 'अ'ला पुठ्ठ्याची फाईल आहे, प्रत्येकाची एक. ए-फोरचे सुटे कागद, कोपऱ्यात भोक पाडून टॅग. कच्चं लिहिलेलं खाली, सुधारून लिहिलेलं त्याच्यावर, पक्कं सगळ्यात वर. वहीत काय होतं, मुलाने एकदा लिहिलं, तुम्ही लाल केलं, पान उलटलं. पुढच्या पंधरवड्यात नवा विषय. मागचं पान परत कुणी उघडत नाही, ना तुम्ही ना ते पोर.

सर: आणि केंद्रप्रमुख आले की?

बाई: फाईल दाखवते.

सर: त्यांना वही लागते. वहीला पानांचे नंबर असतात, तारखा असतात. तुमच्या फाईलमधला कागद मूल घरी नेतं, धाकटा भाऊ त्याचं विमान करतो. माझ्या वर्गात हे झालं तर दोष त्या मुलाच्या नावावर लागतो. घरात टेबल नाही, कपाट नाही, दप्तर हेच त्याचं कपाट. शिवलेली वही त्यातल्या त्यात टिकते.

बाई: म्हणून फायली शाळेत राहतात. कपाटाचा खालचा कप्पा मी भांडून घेतलाय.

सर: सगळ्यांना कप्पा मिळत नाही, बाई. मी वहीत दुसरी सोय केली. उजव्या पानावर निबंध, डावं पान कोरं. दुरुस्ती, पुन्हा लिहिलेला परिच्छेद, जे काय ते डाव्या पानावर. वही तीच, आणि दोन्ही खर्डे समोरासमोर दिसतात.

ही डाव्या पानाची युक्ती बाईंना मनापासून आवडली, हे त्यांनी चष्मा काढून ती वही जवळ ओढली त्यावरून कळलं. तोंडाने मात्र त्या वेगळंच बोलल्या.

बाई: अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात नॅन्सी ॲटवेल म्हणून एक शिक्षिका शिकवत असत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या लेखनाच्या तासावर त्यांचं पुस्तक आहे, १९८७ चं. तास सुरू झाला की त्या प्रत्येक मुलाला विचारत, आज तुझं काय चाललंय, आणि वहीत खुणेने टिपून ठेवत. मी ते आपल्या हजेरीत बसवलं. आठवड्यातल्या लेखनाच्या तासाला नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही. 'कच्चं चालू', 'पुन्हा लिहितोय', 'अडलंय' असं सांगायचं. तीन मिनिटांत सगळ्या वर्गाचा अंदाज येतो, आणि 'अडलंय' म्हणणाऱ्यांच्या बाकाशी मी आधी जाते.

सर: त्या बाईंच्या वर्गात मुलं किती?

बाई: सगळी शाळा मिळून शंभराच्या आत.

सर: झालं तर मग! (थोडं थांबून) पण हजेरीचं मी घेतो. ते चांगलं आहे.

इथवर दोघांत फार अंतर नव्हतं. कागदांच्या व्यवस्थेवर शिक्षक भांडले तरी देवाणघेवाण करून मोकळे होतात. खरी ठिणगी पडली ती बाईंनी आपल्या फायलींतून एक कागद काढून सरांपुढे सरकवला तेव्हा. विषय होता 'माझ्या आठवणीतला दिवस'. मुलाने वर्गात बसून लिहिलेला, अक्षर टोकदार, मधे एक खाडाखोड:

"शेळी व्यायला झाली तवा घरी कोन नव्हतं. आई खुरपायला गेलती. शेळी वरडत व्हती म्हनून मी तिच्याजवळ पोत्यावर बसलो. करडू भाहेर आलं तर त्याच्या नाकाला वलं चिकट लागलेलं. मी बोटानं पुसलं. मंग ते शिकलं. ते शिकलं आन मला रडूच आलं. आई आली तवा तिला मी काय सांगितलं नाय, नुसतं दाखवलं."

बाई: लावा याला तुमचा तक्ता.

सर: (वाचून) एक टिंब राहिलं आणि करडू शिकलं.

बाई: हसा. गुण सांगा.

सर: आशयाला चार, मांडणीला दोन, भाषेला दोन, शुद्धलेखनाला दोन. याला आशयाचे चारपैकी चार. भाषा दोन, शेवटच्या वाक्यासाठी. मांडणी एक, नुसता एक परिच्छेद आहे, करडाचं पुढे काय झालं ते नाही. शुद्धलेखन शून्य. एकूण सात.

बाई: आता तुमच्या 'ब'मधला तो महाबळेश्वरचा काढा. कालच दाखवलात तो.

तो निबंध एका मुलीचा. तीन परिच्छेद, समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखं. वसुंधरेने हिरवा शालू परिधान केला होता, पाखरांची किलबिल चालू होती, आणि तो दिवस मुलीच्या जीवनात सुवर्णाक्षरांनी कोरला गेला होता. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही.

सर: आशय दोन, मांडणी दोन, भाषा एक, शुद्धलेखन दोन.

बाई: सात.

सर: हो, सात.

बाई: तेही सात आणि हेही सात. तक्त्याने मोजायला गेलात आणि दोन्ही पोरं एका पाटावर आणून बसवलीत!

सर: बेरीज बघू नका, रकाने बघा. एकाचं चार-एक-दोन-शून्य आहे, दुसरीचं दोन-दोन-एक-दोन. त्या मुलाला मी सांगू शकतो, तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे, आता परिच्छेद पाडायला शीक, आणि अनुस्वाराकडे बघ. मुलीला सांगू शकतो, तुझी वही नीट आहे, आता त्यात तू कुठे आहेस ते दिसू दे. तुम्ही फाईलवर काय लिहिता? 'फार छान. पुढे लिही.' 'फार छान'वर त्या मुलाने काय करायचं?

बाई: मी त्याला विचारलं, आईने बघितल्यावर काय केलं. ते त्याने दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं. आणि रकाने तुम्ही बघता हो, घरी जातो तो सातचा आकडा.

सर: मग बेरीज लिहीत नाही. नुसते रकाने देतो.

बाई: पालक करतील बेरीज. पोरंही करतील, सातवीला बेरीज येते.

सरांना यावर चटकन उत्तर सुचलं नाही. दिलं ते वेगळ्या बाजूने, आणि मला वाटतं त्यांच्या आग्रहाचं मूळ त्यातच आहे.

सर: बाई, मी माणदेशातला. माझ्या घरात 'व्हतं'च बोलतात, अजूनही. सहावीत एका गुरुजींनी माझ्या निबंधावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली आणि खाली 'गावंढळ' असं लिहिलं. गुण नाहीत, काही नाही, तो एक शब्द. निबंध आमच्या विहिरीवर होता. विहिरीचं त्यांनी काय वाचलं मला आजतागायत माहीत नाही. तक्त्याला तुम्ही हसता, पण तक्त्यात शुद्धलेखन म्हणजे दहापैकी दोन. माझी भाषा कितीही 'गावंढळ' निघाली तरी दोनच्या वर मला कुणी कापू शकत नाही. उरलेल्या आठांसाठी गुरुजींना विहीर वाचावीच लागली असती.

बाई: (बऱ्याच वेळाने) हे मी मान्य करते. पण तुमचा तक्ता खाली जसं थोपवतो तसं वरही थोपवतो. करडाच्या कागदाला आशयाचे चारच. त्याने आणखी काय लिहायला हवं होतं, सांगा. चाराच्या वर जागाच ठेवली नाहीत तुम्ही. आणि 'व्हती', 'गेलती' याला चूक म्हणून तुम्ही शून्य दिलंत, तेही तुम्ही!

सर: 'व्हती'ला नाही दिलं. 'कोन', 'म्हनून', टिंब, यांना दिलं. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, असे अठरा, मी वर्गात भिंतीवर लावलेत. त्यात बोलीत लिहू नका असं कुठेही नाही.

बाई: पण 'कोन' हेही त्याचं बोलणंच आहे. तो तसंच म्हणतो. मॅक्सीन बर्नसनबाईंनी इथे फलटणला राहून फलटणच्याच बोलण्यावर पीएच.डी. केली, पुढे तिथेच शाळा काढली. त्या अमेरिकेतून आलेल्या बाईंना या बोलण्यात नियम दिसले. आपल्याला चुका दिसतात.

सर: मला दोन्ही दिसतं. पुढच्या वर्षी तो आठवीत जाईल. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. तिथे पेपर तपासणारा बर्नसनबाईंचं नाव ऐकून नसेल.

मुद्दा बिनतोड होता असं नाही, पण त्यावर वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसालाच बोलण्याचा अधिकार आहे. मी गप्प राहिलो. बाईंनी मोर्चा वळवला.

बाई: तक्ता निष्पक्ष असतो, असंच ना तुमचं म्हणणं? १९६१ मध्ये अमेरिकेत पॉल डीडरिक नावाच्या माणसाने ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. शिक्षक, लेखक-संपादक, वकील, व्यापारउदिमातले लोक. नऊ श्रेणींत लावा म्हणाला. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी श्रेणींत मावेल असा एकही निबंध निघाला नाही. त्रेपन्न शहाणी माणसं! आणि आपण म्हणायचं, सात म्हणजे सात.

सर: डीडरिक मीही वाचलाय, बाई. तुम्ही तो अर्ध्यावर सोडता. त्या लोकांना त्याने काहीच निकष दिले नव्हते, ज्याने त्याने आपल्या मनाने लावायचे होते. मग कुणाच्या श्रेणी कुणाशी जुळतात ते बघितलं तेव्हा वाचणाऱ्यांचे पाच गट पडले, आणि कोण काय बघत होता ते त्यांच्या शेऱ्यांवरून कळलं. कुणी विचार बघत होता, कुणी चुका, कुणी रचना, कुणी शब्दांची निवड, कुणी लिहिणाऱ्याची ढब. म्हणजे भांडण निबंधावर नव्हतंच, कोण काय बघतोय यावर होतं. त्याच पाच गोष्टींवरून त्याने पुढे गुणदानाचा तक्ता केला. तुम्ही माझ्यावर जो माणूस सोडताय तो माझ्या तक्त्याचा आजोबा आहे.

बाई हसल्या. हार मानून नव्हे. चांगला डाव पडला की पत्त्यांच्या अड्ड्यावर समोरचा हसतो तसं.

बाई: बरं, मग रूथ बटलर. इस्रायलमधली. १९८८ चा अभ्यास, वयोगट जवळजवळ आपलाच, पाचवी-सहावी. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली पुढे गेली, त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. गुण दिसला की शेरा कुणी वाचत नाही. हे तर आपण रोज बघतो, वही हातात पडली की पहिली नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर आणि दुसरी शेजारच्याच्या आकड्यावर.

सर: तिच्या मुलांनी निबंध लिहिले नव्हते. अक्षरांपासून शब्द करा, अमक्या वस्तूचे किती उपयोग सुचतात, असली कामं होती. निबंधाला दोन तास घाम गाळावा लागतो. पण ठीक आहे, शेजारच्या वहीवर नजर जाते हे खरं आहे. म्हणून मी आकडा शेवटच्या पानावर लिहितो.

बाई: तर पोरं वही मागून उघडतात.

पुढे बराच वेळ गेला तो शासनाच्या कागदांवर. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचे ४० आणि संकलितचे ६० गुण, सहावीला निम्मे-निम्मे. आणि अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी. आकारिकसाठी आठ साधनतंत्रं सुचवलेली, त्यांत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही आहे. कागदावर ही पद्धत बाईंच्या बाजूची आहे, असं कुणालाही वाटेल. बाईंचंही तसंच म्हणणं. सरांनी त्यांना सत्र संपतानाच्या वर्णनात्मक नोंदींची आठवण करून दिली.

सर: परवा ग्रुपवर आलेली पीडीएफ बघितलीत ना? 'स्वतःचे विचार स्पष्ट शब्दांत मांडतो.' 'लेखनात म्हणी व वाक्प्रचारांचा योग्य वापर करते.' विषयवार तयार नोंदी, फक्त उतरवायच्या. एका मुलाबद्दल मी स्वतः वाचलंय, 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो'. ते पोर जुलैपासून ऊसतोडीच्या टोळीबरोबर... नाही, टोळ्या आत्ता निघतील, ते दुसरीकडे कुठे तरी होतं. वर्गात नव्हतं एवढं नक्की. तुमचा 'नुसता शेरा' शंभर वह्यांवर, पाच वर्षं, सगळ्या शिक्षकांकडून करून घेतला तर त्याची अशी पीडीएफ होते, बाई. आकडा तरी इतका खोटा बोलत नाही.

बाई: आकड्यालाही आपणच बोलायला लावतो. पण हो, ती पीडीएफ मलाही आली. मी शंभरांना शेरा देतच नाही. आठवड्याला पाव वर्ग. ज्याच्या हजेरीच्या क्रमांकाला चाराने भागून एक उरतो ते पहिल्या आठवड्यात, दोन उरतात ते दुसऱ्या. त्या बारा-तेरा फायली मात्र अक्षर न् अक्षर वाचते. बाकीच्या एकमेकांनी वाचायच्या, खाली एक प्रश्न लिहायचा. मत लिहायचं नाही, प्रश्नच. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या फाईलमधले दोन कागद निवडून द्यायचे. रजिस्टरला लागणारे गुण त्या दोनांवरून.

सर: म्हणजे देता तर गुण.

बाई: देते. ते द्यावेच लागतात. पण कशावर ते पोर ठरवतं.

भित्तिपत्रकाचा विषय निघाला, आणि बाई साने गुरुजींवर आल्या. अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. गुण नाहीत, परीक्षा नाही, वाचणारी माणसं मात्र समोर. लिहिणाऱ्याला वाचक मिळाला की गुणांची भूक आपोआप कमी होते, असा बाईंचा मुद्दा.

सर: पण दैनिक गुरुजी स्वतः लिहायचे ना? मुलांना रोज शिक्षकाने लिहिलेलं वाचायला मिळत होतं. आपल्यातलं कोण लिहितं? सातवी 'अ'ने तुमचा एक तरी निबंध वाचलाय का? सातवी 'ब'ने माझा?

याला दोघांकडेही उत्तर नव्हतं, आणि खोलीत बसलेल्या बाकीच्या चार शिक्षकांनी एकदम आपापल्या कामाकडे लक्ष दिलं. मला वाटतं, त्या दुपारी सर्वांत जास्त जिव्हारी लागलेलं वाक्य हेच. फळ्यावर पाच मुद्दे लिहून 'यावरून निबंध लिहा' म्हणणारा शिक्षक त्या पाच मुद्द्यांवरून स्वतः काय लिहितो हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं.

चहा आला. मी सुचवलं की भांडण पुरे, दोघांनी दोन्ही तुकड्यांतले मिळून दहा निबंध वेगवेगळे तपासावेत, सरांनी तक्त्याने, बाईंनी मनाने. करडू आणि महाबळेश्वर त्यात होतेच. चहा गार होईपर्यंत ते झालं. दहातल्या सात निबंधांना दोघांचे गुण एकाच्या फरकाने जुळले, करडूही त्यातच. त्याला बाईंनी आठ दिले. दोन निबंधांत फरक दोनाचा. जास्तीत जास्त अंतर महाबळेश्वरला: सरांचे सात, बाईंचे चार.

बाई: गाईडमधला आहे तो. शब्द न् शब्द पाठ केलेला. चार दिले तेही अक्षराकडे बघून.

सर: असेल. त्या मुलीला 'निबंध असाच असतो' हे कुणी शिकवलं? तिसरीपासून आपणच शिकवलं. प्रस्तावना, तीन मुद्दे, एक म्हण, समारोप. तिने ते घेतलं, न चुकता लिहिलं, आणि आता आपली आवड बदलली म्हणून तिला चार? पाठ करणं हेही तिचं कामच आहे, बाई. तिच्या घरी तेच काम समजतात.

इथे मी उघड सरांच्या बाजूचा झालो. नवं काही शिकवायचं असेल तर ते आधी शिकवावं, आणि मग त्याचे गुण कापावेत. बाईंनाही ते पटत असावं, कारण त्या आवाज खाली घेऊन बोलल्या.

बाई: मग तिला विचारा. बसमध्ये कोणाला गाडी लागली? पॉइंटवर काय खाल्लं? एका प्रश्नात तो हिरवा शालू गळून पडेल.

सर: ती सहलीला आली नव्हती. वर्गशिक्षक मी आहे, पैसे भरलेल्यांची यादी माझ्याकडे होती.

बाई: (क्षणभराने) आणि तरी सात दिलेत?

सर: म्हणूनच दिले असं नाही. तक्ता लावला, सात आले.

बाई: तर मग तिचा निबंध महाबळेश्वरचा नाहीच. गाडी सुटली त्या दिवशी ती काय करत होती, तो आहे. तो लिहायला सांगा तिला. करडाच्या तोडीचा होईल.

सर: नाही सांगणार.

बाई: का?

सर: कारण मग आम्हाला दुसरं गाईड मिळेल. आधी पोरांना कळलं होतं की शालू आणि किलबिल लिहिलं की गुण मिळतात. आता कळेल की घरातलं दुखणं लिहिलं की बाईंचे डोळे भरतात. तिला ते सांगायचं असेल तर सांगेल. सहलीचे पैसे नव्हते हे वर्गात शेजारणीने वाचून खाली प्रश्न लिहावा, असं मला वाटत नाही. तिने महाबळेश्वर लिहिलं ते गाईडमुळे असेल, किंवा झाकायला असेल. झाकायला लिहिणं हेही लिहिणंच आहे.

बाईंनी महाबळेश्वरची वही पुन्हा उघडली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. मग आपल्या चारावर काट मारून पाच केले. सहा करायला त्या तयार नव्हत्या. भाषेला एकसुद्धा गुण त्यांच्या मते जास्त होता.

दुसऱ्या सत्रासाठी ठरलं ते असं. 'ब'च्या वह्यांत डावं पान राहील, आणि महिन्यातून एकदा हजेरीला 'कच्चं चालू' म्हणायचं. 'अ'च्या फायलींत मुलाने निवडलेल्या दोन कागदांना सरांचे चार रकाने लागतील, शेजारी एक पाचवा, कोरा. त्यात तपासणाऱ्याला चार रकान्यांत न मावलेलं काही सापडलं तर तो दोनपर्यंत गुण देईल. सरांना हा पाचवा रकाना म्हणजे मागच्या दाराने आलेली मर्जी वाटते. बाईंनी कागद एकमेकांना वाचायला देण्याआधी मुलाला विचारायचं कबूल केलं, 'हा कागद वर्गात फिरवू की माझ्यापाशी राहू दे?' दर सत्राला दहा निबंध अदलाबदल करून तपासायचे, आणि दोघांनी प्रत्येक तुकडीसमोर एक तरी निबंध स्वतः फळ्यावर लिहायचा, खाडाखोडीसकट. शेवटच्या कलमावर सरांनी सही करताना बाईंपेक्षा जास्त वेळ घेतला.

घंटा झाली. सर रजिस्टर उघडून बसले.

सर: करडाला शेवटी काय लिहू? माझे सात, तुमचे आठ.

बाई: तो कुठल्या तुकडीचा?

सर: तुमच्या.

बाई: मग आठ.